‘धोकादायक नाही’, पण किती दिवस?

पक्या आला तोच तापलेला. त्याचा भाचा अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समध्ये राहतो. घरासमोरच्या फुटपाथवर गॅसचा वास येतो म्हणून भाच्याने कंपनीला फोन केला. माणूस लगेच आला, त्याबद्दल तक्रार नाही. त्याने जमिनीत भोकं पाडून मीटरची नळी आत सोडली, आकडे टिपले, डांबरावर रंगाची खूण केली आणि सांगितलं, "गळती आहे, पण धोकादायक नाही. ग्रेड तीन. नोंद करून ठेवतो." दुरुस्ती कधी, असं विचारलं तर ठरलेली तारीख नाही, लक्ष ठेवू.

"गॅस गळतोय हे मान्य, कुठे गळतोय हे माहीत, आणि तरी बुजवायचा नाही?" पक्या म्हणाला. "कायदा आहे की नाही त्या देशात?"

वकील मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, "आहे ना. त्या कायद्याप्रमाणेच वागला तो माणूस."

झालं. दिवे लागले तरी विषय संपला नाही. नाना गॅसवाहिन्यांच्या देखभालीत नोकरी करून निवृत्त झालेले. मंजिरी वीज आणि गॅसच्या दरांच्या हिशोबात काम करते. वकील हा खरोखरच वकील आहे. पक्याला सगळ्यातलं थोडं थोडं कळतं आणि राग मात्र पूर्ण येतो.

नानांनी आधी त्या माणसाची बाजू घेतली. "अरे, गळती म्हटलं की तुला स्फोट दिसतो. मिथेन हवेत पाच टक्क्यांच्या खाली असेल तर पेटत नाही. पंधरा टक्क्यांच्या वर गेला तरी पेटत नाही, कारण मग हवाच कमी पडते. मधल्या पट्ट्यात ठिणगी मिळाली तरच भडका. आता उघड्या फुटपाथवर, भिंतीपासून लांब, जमिनीतून थोडाथोडा गॅस वर येऊन वाऱ्यावर जात असेल, तर तो त्या पट्ट्यात येणार कसा? म्हणून तिकडे तीन ग्रेड केलेत. ग्रेड एक म्हणजे घराच्या, तळघराच्या, गटाराच्या आत शिरलेला किंवा शिरायच्या बेतात असलेला गॅस. तिथे काम हातात घेतलं की धोका संपेपर्यंत सोडायचं नाही. ग्रेड दोन म्हणजे आज धोका नाही, पुढे होऊ शकतो, तेव्हा वेळ ठरवून दुरुस्त करायची. आणि ग्रेड तीन म्हणजे आज धोका नाही, पुढेही होईलसं वाटत नाही."

"वाटत नाही!" पक्याने नेमका तोच शब्द पकडला.

"मग काय, सगळा गाव खणायचा?"

मंजिरी म्हणाली, "नाना, ते 'पंधराच्या वर पेटत नाही' मला भीतीदायक वाटतं. बंद तळघरात वीस टक्के गॅस भरला असेल आणि कुणी दार उघडलं, तर?"

"तर हवा आत येते, आणि वीसचे दहा होतात," नाना म्हणाले. "बरोबर आहे तुझं. म्हणून तर ग्रेड एकला क्षणाचीही सवलत नाही. माझं म्हणणं बाकीच्या दोघांबद्दल आहे."

"बाकीच्या दोघांबद्दलच बोलू," ती म्हणाली, आणि तिने जॅक्सनचं प्रकरण काढलं. मिसिसिपी राज्यातलं जॅक्सन शहर. जानेवारी २०२४ मध्ये तीन दिवसांच्या अंतराने तिथली दोन घरं गॅसच्या स्फोटाने गेली. पहिल्या स्फोटात एक वृद्ध बाई मेली. अपघातांची चौकशी करणाऱ्या एनटीएसबी या केंद्रीय मंडळाने कागद तपासले तेव्हा दिसलं, की त्या भागातल्या गळत्या कंपनीला आदल्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच सापडल्या होत्या. ग्रेड दोन, धोकादायक नाही, अशी नोंदही होती. तिथली माती चिकण, पावसात फुगणारी आणि उन्हात आकसणारी. ती हलली की पाइपही हलतो.

नाना जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "ग्रेडिंग चुकलं असेल."

"त्या दिवशी बरोबरही असेल," मंजिरी म्हणाली. "मुद्दाच तो आहे. मीटरचा आकडा त्या दिवसाचा असतो. पुढे जमीन गोठते, वरून डांबर पडतं, शेजारी कुणी गटार खणतं. गॅसला वर जायची वाट बंद झाली की तो आडवा सरकतो आणि भिंतीच्या भेगेतून घरात शिरतो. पाइपाला लागलेलं भोक तेवढंच असतं, बदलते ती आजूबाजूची जमीन."

मला स्वतःला अख्ख्या चर्चेत हा मुद्दा सगळ्यात वजनदार वाटला. ग्रेड हा पाइपाचा गुणधर्म असल्यासारखा कागदावर चिकटून राहतो, खरं तर तो ब्लडप्रेशरच्या आकड्यासारखा आहे. सकाळी १२० होतं म्हणून महिन्याने १२० असेलच असं नाही. आणि ज्या नोंदीला तारीख नाही, तिची आठवण कुणाला आणि का राहावी?

वकिलाने आता मोबाइल खिशात टाकला. तो बोलायला लागला की थांबवणं अवघड, पण त्या दिवशी त्याची गरज होती.

"तिकडे पहिला धडा १९३७ मध्ये मिळाला," तो म्हणाला. "टेक्ससमधलं न्यू लंडन गाव. शाळेने पैसे वाचवायला तेलक्षेत्रातल्या फुकट गॅसच्या वाहिनीला जोड मारला होता. नैसर्गिक गॅसला मुळात वास नसतो. तो इमारतीखाली साठत गेला आणि कुणाला कळलंच नाही. १८ मार्चला शाळा उडाली. जवळपास तीनशे जीव गेले, त्यात बहुतेक मुलं. त्यानंतर काही आठवड्यांतच टेक्ससने गॅसमध्ये वासाचं रसायन मिसळणं सक्तीचं केलं. आज आपल्याला जो गॅसचा वास म्हणून माहीत आहे, तो कायद्याने घातलेला वास आहे."

"मर्कॅप्टन," नानांनी पुरवणी जोडली. "पण मातीतून लांबवर झिरपत आला तर माती तो वास शोषून घेते. घरात पोचलेल्या गॅसला वास नसतो असंही होतं. नाकावर सगळा भरवसा ठेवू नये."

"ठीक. पुढे १९६८ मध्ये देशभरासाठी पाइपलाइन सुरक्षेचा कायदा झाला. त्याखालच्या नियमांत गळतीच्या दुरुस्तीबद्दल वाक्य किती मोठं असेल? धोकादायक गळती त्वरित दुरुस्त करावी. बस. धोकादायक कशाला म्हणायचं हे बरंचसं कंपनीने ठरवायचं, आणि त्वरित म्हणजे किती दिवस हेही. नाना सांगताहेत ते तीन ग्रेडसुद्धा त्या केंद्रीय नियमात नव्हते. ते उद्योगातल्या जाणकारांच्या मार्गदर्शिकेतून आले, मग काही राज्यांनी आपापल्या कायद्यात घेतले. शोधायचं वेळापत्रक मात्र नियमात होतं. बाजारपेठेच्या भागात वर्षातून एकदा यंत्राने तपासणी, बाकीच्या वस्तीत पाच वर्षांतून एकदा."

"पाच वर्षं!" पक्या म्हणाला.

"किमान. जास्त वेळा करायला कुणी अडवलं नव्हतं."

"अडवलं नसेल, पण ढकललंही नाही कुणी," मंजिरी पुटपुटली.

मग वकील मुख्य गोष्टीवर आला. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकी संसदेने पाइपलाइन सुरक्षेच्या कायद्यात मोठी दुरुस्ती केली. तिला थोडक्यात पाइप्स कायदा म्हणतात. त्यातलं ११३ वं कलम गळती शोधण्या-बुजवण्याबद्दल आहे. माणसाच्या सुरक्षिततेबरोबरच पर्यावरणाला धोकादायक असलेली गळतीही शोधा, तिचं वर्गीकरण करा, दुरुस्तीचं वेळापत्रक घाला आणि बाजारात आलेली प्रगत यंत्रं वापरा, असे नियम खात्याने एका वर्षात करावेत, हा त्याचा गाभा. खातं म्हणजे परिवहन मंत्रालयाखालचं पाइपलाइन सुरक्षा प्रशासन, त्याच्या आद्याक्षरांवरून तिकडे त्याला फिम्सा म्हणतात.

"पर्यावरण हा शब्द आला आणि भाच्याच्या फुटपाथवरची गळती कायद्याच्या नजरेत आली," वकील म्हणाला. "तोवर हवेत उडून जाणारा गॅस म्हणजे निरुपद्रवी गॅस होता."

निरुपद्रवी नाही हे आता सगळ्यांना माहीत आहे. वीस वर्षांच्या हिशोबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपटीहून अधिक उष्णता धरून ठेवतो. शंभर वर्षांचा हिशोब धरला तर तीसपटीच्या आसपास. तो हवेत साधारण बारा वर्षं टिकतो, म्हणून आज गळती थांबवली तर फरक आपल्याच हयातीत दिसतो. पक्याला हे आधी ठाऊक होतं की नाही कोण जाणे, पण त्याने मान अशी हलवली की जणू त्यानेच शोधलंय.

"मग झाला का एका वर्षात नियम?" मी विचारलं.

"मसुदाच मे २०२३ मध्ये आला. मसुदा मात्र दमदार होता. ग्रेड एक ताबडतोब. ग्रेड दोन सहा महिन्यांत. ग्रेड तीन चोवीस महिन्यांत. वस्तीतली तपासणी पाचऐवजी तीन वर्षांनी, आणि जुन्या बिडाच्या किंवा लेप नसलेल्या पोलादी पाइपांची दरवर्षी. यंत्र असं हवं की दहा लाख भागांत पाच भाग मिथेन असला तरी ओळखेल."

नाना हसले. "आणि नाकासाठीचा नियम काय आहे माहितीये? हवेत एक टक्का गॅस झाला की सामान्य माणसाला वास आलाच पाहिजे, पेटायच्या मर्यादेच्या एक पंचमांश. एक टक्का म्हणजे दहा लाखांत दहा हजार. कुठे दहा हजार आणि कुठे पाच. दोन हजारपट बारीक नजर."

"म्हणजे चांगलंच की!" पक्या.

"चांगलं आणि वाईट दोन्ही. पण आधी ह्याचं संपू दे."

वकिलाचं फार उरलं नव्हतं. अंतिम नियम तयार झाला तो जानेवारी २०२५ मध्ये. १७ तारखेला खात्याने तो जाहीर केला, पण सरकारी राजपत्रात छापून यायचा होता. २० तारखेला सरकार बदललं, नव्या राष्ट्राध्यक्षांनी छापायच्या वाटेवरचे सगळे नियम थांबवले आणि हाही मागे घेतला गेला. तीन दिवस.

पक्याने कपाळावर हात मारला. "म्हणजे संसदेचा कायदा आहे, आणि नाही पण."

"इथे एक बारीक गोष्ट आहे, ती वकिलांनाच आवडते," वकील म्हणाला. "त्याच कायद्यातलं ११४ वं कलम बघ. ते थेट कंपन्यांना सांगतं की तुमच्या देखभालीच्या आराखड्यात गॅसची गळती कमीत कमी कशी ठेवणार आणि गळण्यासाठी कुख्यात असलेले पाइप कसे बदलणार हे लिहा, वर्षभरात लिहा. त्यासाठी खात्याच्या नियमाची वाट बघायची नव्हती. ते लागू झालं, निरीक्षकांनी आराखडे तपासलेही. ११३ मात्र खात्याला सांगतं की तू नियम कर. खात्याने केला नाही किंवा केलेला मागे घेतला, तर कंपनीवर काहीच बंधन येत नाही. एकाच दिवशी सही झालेली शेजारशेजारची दोन कलमं, आणि एकाची अंमलबजावणी झाली, दुसरं अडकलं. संसदेने ते सहा महिने नि चोवीस महिने स्वतः कायद्यात घातले असते तर कुणाला राजपत्र अडवता आलं नसतं."

"मग का नाही घातले?" मी.

"कारण खासदाराला डांबराखालचं काही कळत नाही," नाना म्हणाले, "आणि ते त्याला कळत नाही हे निदान त्याला कळतं. तांत्रिक आकडे कायद्यात कोरले की यंत्रं बदलली तरी कायदा बदलत नाही."

हा मुद्दा बिनतोड आहे असं मला वाटत नाही. यंत्राची बारीक नजर किती असावी हे खात्यावर सोडावं, पण दुरुस्तीची मुदत ही तांत्रिक बाब नव्हे. पुलावरून किती टन न्यायचे हे इंजिनिअर सांगेल, पण तुटलेला कठडा कधीपर्यंत लावायचा हे लोकप्रतिनिधींना सांगता यायला हवं. मी हे बोलून दाखवलं. नानांनी हात झटकला, वकिलाने मान डोलावली, म्हणजे बरोबरी.

शिवाय खात्याला उशीर होण्याचं एक कारण कायद्यातच आहे. पाइपलाइन सुरक्षेचा कोणताही नियम करताना त्यापासून होणारा फायदा खर्चाला साजेसा आहे हे खात्याला दाखवावं लागतं. नुसती शेवटी एक ओळ लिहून भागत नाही. २०२२ मध्ये खात्याने वाहिनी फुटल्यावर आपोआप किंवा दुरून बंद होणाऱ्या व्हॉल्व्हचा नियम केला. त्याच्यामागे कॅलिफोर्नियातल्या सॅन ब्रुनोचा २०१० चा स्फोट होता. आठ माणसं मेली, अडतीस घरं गेली, आणि गॅसचा प्रवाह थांबवायला दीड तासाहून जास्त वेळ लागला, कारण व्हॉल्व्ह हाताने जाऊन बंद करावे लागले. इतकं होऊनही, विहिरीकडून गॅस गोळा करणाऱ्या वाहिन्यांपुरता तो नियम २०२३ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने रद्द केला. त्या वाहिन्यांसाठी खर्च-फायद्याचा हिशोब वेळेत मांडला नव्हता म्हणून. तेव्हा खातं घाबरत घाबरत पानंच्या पानं लिहितं, आणि तोवर निवडणूक येते.

"आता माझं ऐका," नाना म्हणाले. ते मघापासून थांबले होते.

"पूर्वी आम्ही कसं शोधायचो? पाइपाच्या रेषेवरून चालत जायचं, हातात यंत्र. आणि डोळे उघडे. रांगेतलं एकच झाड वाळलंय, हिरवळीत एक पिवळा पट्टा पडलाय, तर खाली गॅस असतो, मुळांना हवा मिळत नाही. आता गाडीवर लेझरचं यंत्र बसवतात आणि रात्रीच्या शांत हवेत रस्तोरस्ती फिरतात. बोस्टन विद्यापीठाच्या नेथन फिलिप्स आणि सहकाऱ्यांनी अशी गाडी बोस्टनच्या सगळ्या रस्त्यांवर फिरवली. ७८५ मैल रस्ते, आणि गळत्या सापडल्या ३,३५६. मैलाला चारहून जास्त. का? तर तिथे बिडाचे जुने पाइप. त्यांच्या जोडात ताग आणि शिसं ठोकलेलं असायचं. पूर्वी कोळशापासून केलेला गॅस यायचा, तो ओलसर, ताग फुगलेला राहायचा. नंतर नैसर्गिक गॅस आला, तो कोरडा. ताग वाळला, प्रत्येक जोड झिरपायला लागला. आता सांग, त्या ३,३५६ ठिकाणी चोवीस महिन्यांत खणणार कोण? वेल्डर, फिटर, खोदाईची परवानगी, वाहतूक वळवणं. नजर दोन हजारपट बारीक झाली, माणसं दोन हजारपट झाली नाहीत."

"मग सोडून द्यायचं?"

"नाही. मोठ्या आधी. बोस्टनमध्येच बिडाच्या पाइपांवरच्या शंभर गळत्या मोजल्या, तर एकूण गॅसपैकी निम्मा फक्त सात टक्के गळत्यांमधून जात होता. शंभरातल्या सात! त्या सात बुजव, अर्धं काम झालं. पण तुझा मसुदा म्हणतो तारखेप्रमाणे चला. मग पथक कुठे जाणार? ज्याची मुदत संपत आली त्या फुसफुशीकडे. आणि मोठी गळती, मुदत लांब आहे म्हणून, तशीच ओकत राहणार."

हे ऐकून पक्या पहिल्यांदा गप्प झाला. मलाही उत्तर सुचेना. उत्तर मंजिरीकडून आलं.

"मॅसॅच्युसेट्सने ते केलं आहे, नाना. २०१४ मध्ये त्यांनी सगळ्या कंपन्यांना सारखे ग्रेड लावले, ग्रेड दोनला बारा महिन्यांची मुदत घातली. ग्रेड तीनला नुसती फेरतपासणी. मग २०१६ मध्ये कायद्यात जोड दिला की ग्रेड तीनमधल्याही ज्या गळत्यांनी पर्यावरणाची मोठी हानी होते त्या वेगळ्या काढा आणि आधी बुजवा. म्हणजे तुमचेच सात टक्के. तारीख आणि आकारमान एकत्र नांदू शकतात. भाच्याने विचारायचा प्रश्न तो आहे. माझी ग्रेड तीन कुठली? साधी, की मोठी? तुम्ही गॅसचा पसारा मोजला का?"

"विचारायला सांगतो," पक्या म्हणाला.

"पण खरी गंमत बिलात आहे," मंजिरी पुढे म्हणाली. हा तिचा प्रांत. "जमिनीत गेलेल्या गॅसचे पैसे कोण भरतं?"

"कंपनी. तिचाच माल गेला ना."

"नाही. तुझा भाचा भरतो. बहुतेक राज्यांत हिशोबात न लागलेला गॅस हा गॅस खरेदीच्या खर्चात धरतात आणि तो खर्च जसाच्या तसा ग्राहकाच्या बिलात जातो. कंपनी गॅसवर नफा कमवतच नाही, ती नफा कमावते भांडवलावर. नवा पाइप टाकला की तो मालमत्तेत चढतो आणि नियामक आयोगाने ठरवलेला परतावा कित्येक दशकं मिळत राहतो. जोडाला पट्टी मारली तर तो देखभालीचा खर्च, त्यावर परतावा शून्य. आता तू कंपनी हो. गळती बुजवशील का?"

"मी अख्खा पाइप बदलायची परवानगी मागेन."

"आणि ती मिळेपर्यंत?"

"लक्ष ठेवीन," पक्या म्हणाला, आणि सगळेच हसले.

२०१४ च्या त्याच कायद्याने मॅसॅच्युसेट्समध्ये जुने पाइप वेगाने बदलण्याची योजना आणली आणि तिचा खर्च कंपन्यांना लवकर वसूल करू दिला. पाइप बदलले हे खरं. पण मंजिरीचं म्हणणं असं की घरं हळूहळू विजेवर जाणार असतील तर आज पुरलेल्या नव्या पाइपाचे पैसे उद्या उरलेल्या थोड्या ग्राहकांकडून येणार, आणि उरणार ते बहुधा ज्यांना वीज-चूल आणि घर गरम ठेवणारा विजेवरचा हीट पंप परवडत नाही ते. हे तिथल्या विधिमंडळालाही दिसलं असावं. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यांनी कायदा बदलला, आणि पाइप बदलण्याबरोबरच तो दुरुस्त करणं किंवा कायमचा बंद करणं हेही पर्याय या योजनेत आले.

नाना यावर भडकले. पाइप बंद करा म्हणणं सोपं आहे, त्या गल्लीतल्या एका म्हातारीने नाही म्हटलं तर तिच्या एका शेगडीसाठी पूर्ण वाहिनी चालू ठेवावी लागते, वगैरे. त्यांचा राग समजण्यासारखा होता, पण ते गळतीवरून फारच लांब गेले म्हणून इथे सोडून देतो.

"बरं, युरोपात काय?" मी विषय वळवला.

"तिकडे मिथेनचा कायदा ऑगस्ट २०२४ पासून लागू आहे," वकील म्हणाला. "ठरावीक मर्यादेच्या वरची गळती सापडली की लगेच दुरुस्ती. लगेच जमलं नाही तर पहिला प्रयत्न पाच दिवसांत आणि काम पुरं तीस दिवसांत. सुरक्षेच्या किंवा तांत्रिक कारणाने उशीर होणार असेल तर कारण पुराव्यासकट मांडायचं आणि तारीख द्यायची. अमेरिकेचा मसुदा म्हणतो चोवीस महिने, हे म्हणतात तीस दिवस."

"आणि पुराव्यासकट कारणं किती येतील बघ," नाना म्हणाले. "जमिनीखालची वाहिनी तीस दिवसांत? अर्धी फाइल कारणांचीच असेल."

"असू दे ना! कारण लिहावं लागणं हेच मोठं आहे. आज भाच्याच्या फुटपाथबद्दल कुणाला कारण लिहावं लागतंय?"

नानांनी मग आपणहून नगरमचं नाव काढलं. आंध्र प्रदेश, तेव्हाचा पूर्व गोदावरी जिल्हा, २७ जून २०१४. पहाटे वाहिनी फुटली, आग पसरली आणि वीसहून जास्त माणसं गेली. कोरड्या गॅससाठीच्या वाहिनीतून पाणी आणि द्रव मिसळलेला ओला गॅस वाहत होता, पाइप आतून गंजत गेला. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधी केली होती असं नंतर बातम्यांत आलं. "तेव्हा आमच्या सगळ्या लोकांना विचारलं गेलं, तुमच्याकडे नोंदी आहेत का," नाना म्हणाले. "नोंदी होत्या. नोंदी कायम असतात."

हे ते ज्या आवाजात म्हणाले त्यानंतर त्यांना गळतीच्या बाजूचा माणूस म्हणणं पक्यालाही जमलं नसतं. पण नाना तेवढ्याने हार मानणारे नव्हेत. "तारीख द्या," ते म्हणाले, "मी नाही म्हणत नाही. पण मला पथक कुठे पाठवायचं याची मोकळीक द्या."

"मग आपणच लिहू," वकील म्हणाला आणि पुन्हा मोबाइल काढून टाइप करायला लागला. "ग्रेड तीनची प्रत्येक गळती सापडल्यापासून चोवीस महिन्यांत दुरुस्त करावी. त्यातल्या सर्वात मोठ्या गळत्या, म्हणजे..."

"वरच्या दहा टक्के," नाना.

"...वरच्या दहा टक्के, सहा महिन्यांत. प्रत्येक गळतीची फेरतपासणी सहा महिन्यांनी, आणि जमीन गोठण्याआधी एकदा."

"आणि शेजारी खोदकाम झालं की लगेच," मंजिरी म्हणाली. "जॅक्सनसारखी माती असेल तर मोठ्या पावसानंतरही."

"घातलं."

"पाइप बदलायचाच ठरला असेल तर?" नानांनी विचारलं. "पुढच्या वर्षी अख्खी वाहिनी काढणार आहे, तर यंदा त्याच जागी खणून पट्टी कशाला मारू?"

"बदलायची तारीख आयोगाला लेखी दिलेली असेल तर सूट. ती तारीख चुकली की सूट रद्द."

"चालेल. आता अजून एक. खोदाईची परवानगी पालिका देते, कंपनी नाही. पालिकेने सहा महिने अर्ज दाबून ठेवला तर तो काळ मोजायचा नाही."

"हे लिहिलंस की संपलं!" पक्या उसळला. "प्रत्येक फाइल परवानगीच्या नावाखाली झोपणार."

"मग अर्ज किती दिवसांत करायचा ते लिही," मी म्हटलं. "गळती सापडल्यापासून तीस दिवसांत अर्ज केला असेल तरच उशीर माफ."

वकिलाने लिहिलं. नानांनी मान्य केलं, थोडं कुरकुरत. मग मंजिरी म्हणाली, "शेवटचं कलम माझं. मुदत संपल्यावर जो गॅस गळेल त्याची किंमत ग्राहकाच्या बिलात धरता येणार नाही. भागधारकांनी सोसायची."

"मोजणार कसा?" नाना लगेच म्हणाले. "एका भोकातून दिवसाला किती गेला हे गाडीवरचं यंत्र अंदाजानेच सांगतं. अंदाजावर दंड?"

"अंदाजावर बिल चालतं ना? हिशोबात न लागलेला गॅस हाही आत गेलेला वजा विकलेला, असा अंदाजच आहे."

"तो अख्ख्या शहराचा अंदाज. एका भोकाचा नव्हे."

"मग शहराचाच धरू. मुदत उलटलेल्या गळत्या जेवढ्या टक्के, तेवढे टक्के बिलातून वजा."

"म्हणजे छोटी आणि मोठी सारखीच धरलीस! मघाशी सात टक्क्यांचं काय ठरलं?"

"मग आकाराप्रमाणे वजन द्या," वकील म्हणाला.

"आकार मोजायचा कसा हाच तर प्रश्न आहे!" नाना ओरडले, आणि मंजिरीने पिशवीतून कागद काढून आकडेमोड सुरू केली.